अहो, आवाज येतोय

आठ महिने माझी बायको मला सांगत होती की गाडीतून आवाज येतोय, आणि आठ महिने मी रेडिओ मोठा करत होतो. गंमत म्हणून लिहीत नाही, खरंच करत होतो. तिने मान जरा तिरकी केली की माझा हात आपोआप बटणाकडे जायचा.

"अहो, आवाज येतोय."

"कसला?"

"बारीक. घूंऽऽ असा. सिग्नलला गाडी उभी असली की येतो. तुम्ही क्लच दाबलात की थांबतो. सोडलात की परत सुरू."

"एसीचा असेल."

एसी बंद होता.

तिचं ते बोलणं आज लिहून काढताना कानशिलं तापतात, कारण त्यात सगळं निदान होतं. कुठल्याही मिस्त्रीला फोनवर एवढंच सांगितलं असतं तर गाडी न बघता तो म्हणाला असता की गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग बघा. गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे आणि क्लचवर पाय नाही, अशा वेळी इंजिन गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरवत असतं. क्लच दाबला की दोघांची फारकत होते, शाफ्ट थांबतो आणि त्याच्या बेअरिंगची कुरकुरही थांबते. याच्या उलट झालं, म्हणजे क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्यायचा. एवढं सोपं असतं ते. पण सांगणारी गाडीच्या डाव्या सीटवर बसलेली माझी बायको होती, म्हणून तो एसी ठरला.

ती शिवणकाम करते. डोंबिवली पूर्वेला आमच्या घरातल्या गॅलरीत तीस वर्षं तिचं मशीन चालू आहे. ब्लाउज, परकर, हल्ली अल्टरेशनच जास्त. शिकायला येणाऱ्या मुलींना ती आतल्या खोलीतून सांगते, "थांब गं, मशीन तेल मागतंय." मुलीला काही कळलेलं नसतं, हिने भाजी चिरता चिरता ऐकलेलं असतं. एकदा घोडबंदर रोडला भाचीकडे जेवायला गेलो होतो. तिथे ही सहज म्हणाली, "आमची गाडी तेल मागतेय." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "गाडी म्हणजे तुझं शिलाईचं मशीन वाटलं का? चार थेंब सोडले की झालं!" सगळे हसले. तीही हसली. ती हसली म्हणून मला बरं वाटलं होतं, हे इथे कबूल करून टाकतो.

गाडीतलं आपल्याला कळतं हा समज माझ्या डोक्यात कधी बसला, ते मी बरंच आठवून पाहिलं. त्याला आधार असा काहीच नाही. शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता, नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो 309 बनायची, आणि आमच्या शेजारचे एक काका तिथे कामाला होते. बस, एवढंच माझं भांडवल. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगखाली का असायचा यावर काका रंगात येऊन बोलायचे, मी ऐकायचो, आणि पुढे आयुष्यभर तेच मी इतरांना सांगत राहिलो. कारखान्याच्या फाटकाच्या आत मी पाऊलही ठेवलेलं नाही. गाडी शिकलो तीसुद्धा चाळिशीनंतर.

दुसरा समज गॅरेजवाल्यांबद्दलचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी आमची एक बैठक भरते. बादली, फडकं आणि कुणाला कुठे लुटलं याच्या कथा. गॅरेजवाला सांगेल त्यातलं अर्धं खोटं धरायचं, हे तिथे कधीचंच ठरलेलं आहे. त्यामुळे सर्व्हिसिंगला गाडी टाकताना समोरच्या मुलाने "काही तक्रार, सर?" असं विचारलं की मी ठामपणे सांगायचो, "काही नाही. इंजिन ऑइल बदला, गाडी धुवा." तक्रार सांगितली म्हणजे त्याच्या हाती पास दिला, असं माझं गणित. डॉक्टरकडे जाऊन दुखणं लपवणाऱ्या माणसाला मी मूर्ख म्हणतो. आणि इथे वर्षातून दोनदा तेच करून, बिल कमी आलं म्हणून खूश होऊन घरी येत होतो.

पण सगळ्यांत जास्त टोचते ती वेगळीच गोष्ट. मी 26 वर्षं एमआयडीसीतल्या एका रसायन कंपनीत स्टोअर्सला होतो. रिअॅक्टरमधला माल ढवळणाऱ्या अॅजिटेटरवर गिअरबॉक्स असतो. त्याचं तेल बदलायची तारीख कार्डावर लिहिलेली असायची आणि त्या तारखेला 320 नंबरचं गिअर ऑइल मी स्वतः इश्यू करायचो. स्लिप उशिरा आली तर मेन्टेनन्सवाल्यांना फोन करून विचारायचो, "काय रे, विसरलात का?" गिअरबॉक्सला तेल लागतं, ते जुनं होतं, ते कमी पडलं तर आधी आवाज येतो, मग धातू झिजतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझ्या स्वतःच्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं होतं, ते मात्र मला सांगता आलं नसतं. सांगायचं काय, ते बदललेलंच नव्हतं. मी दरवेळी बदलायचो ते इंजिनचं तेल. गिअरबॉक्सचं वेगळं असतं हे माहीत असून कधी सुचलं नाही.

आवाजानंतर बाकीची लक्षणं एकेक करून आली आणि प्रत्येकासाठी माझ्याकडे उत्तर तयार होतं.

सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर टाकताना 'खर्र' व्हायचं. थंडीमुळे, मी म्हणालो. डोंबिवलीच्या थंडीमुळे! पार्किंगमध्ये गाडीखाली, पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, हाताच्या पंजाएवढा तेलकट डाग पडायला लागला. ही म्हणाली, खाली वाकून वास तर घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिनच्या तेलाला तसा नसतो, तिथल्या तिथे निकाल लागला असता. मी वाकलो नाही. इथल्या माणसाला जमिनीवरच्या डागाचं काय कौतुक? आमच्याकडे 2014 मध्ये हिरवा पाऊस पडलाय आणि 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झालाय. शेजारच्या गाडीचा असेल, म्हणून मी विषय संपवला. पुढच्या आठवड्यात तिने आमच्या गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवला. सकाळी पुठ्ठ्यावर डाग. मी पुठ्ठा उचलून कचऱ्यात टाकला.

मग क्लच. पेडल अगदी वर आल्यावर गाडी हलायला लागली. पुढे पुढे चढावर अॅक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडायचं, काटा वर जायचा, पण गाडीला वेगच यायचा नाही, आणि मागून जळका वास. याचं खापर फोडायला मात्र मला माणूस सापडला. हिने गाडी शिकायला घेतली ती सत्तेचाळिसाव्या वर्षी. 2019 ते 2021 कोपरचा पूल बंद होता आणि पूर्व-पश्चिम करणाऱ्यांची सगळी गर्दी ठाकुर्लीच्या पुलावर यायची. त्या चढावर, पुढे रिक्षा, मागे रिक्षा, अशा ठिकाणी मी हिला गाडी शिकवली, म्हणजे ओरडलो. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायला मीच सांगत होतो आणि वास आला की मीच म्हणत होतो, "जाळलास क्लच!" नंतर दोन वर्षं, कुणीही गाडीबद्दल विचारलं की माझं वाक्य ठरलेलं असे. गाडी छान आहे, फक्त क्लचचं जरा हिच्या हातून झालंय.

हिने हळूहळू गाडी चालवणं कमी केलं. मी कारण विचारलं नाही.

ओतूरकडे एका लग्नाला गेलो होतो, परतताना माळशेज घाट उतरत होतो. पाऊस नव्हता, धुकंही नव्हतं, नाहीतर हे लिहायला मी कदाचित नसतो. तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक फार न वापरता इंजिनच्या जोरावर गाडी खाली येत होती. एका वळणाआधी गिअरचा दांडा खट् करून आपल्या आपण बाहेर आला. गाडी न्यूट्रल. उतारावर तिला कुणी धरलेलंच नव्हतं, ती मोकळी सुटली. मी ब्रेक मारला, गिअर परत टाकला, परत सुटला. मग एका हाताने दांडा दाबून धरला आणि एका हाताने स्टिअरिंग, असा टोकावडे येईपर्यंत आलो. तळहात घामाने निसरडा झाला होता. ही एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर भांडलो असतो, बरं वाटलं असतं. मुरबाडच्या आधी कुठेतरी मी रेडिओ बंद केला, आणि त्या शांततेत तो आवाज आला. घूंऽऽ. इतका स्पष्ट, की तो मला आधी ऐकू येत नव्हता असं स्वतःशीसुद्धा म्हणता येईना.

गॅरेज हिनेच शोधलं. तिच्या एका गिऱ्हाइकाचा नवरा शाळेची व्हॅन चालवतो, त्याच्याकडून नंबर घेतला. कल्याणला, पत्रीपुलाच्या अलीकडे, दोन गाळ्यांचं गॅरेज. मिस्त्री पन्नाशीचे. मी लगेच सुरू झालो की तिसरा गिअर सुटतोय, क्लच प्लेट गेली असणार, गाडी दोघांच्या हातात असते ना, वगैरे. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाले, "आधी ट्रायल मारू. तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो."

पुलावरून पलीकडे गेलो आणि परत आलो. मिस्त्री खिडकीबाहेर बघत होते, मला वाटलं यांचं लक्षच नाही. परत आल्यावर म्हणाले, "आता वहिनी, तुम्ही." मी मागे बसलो. तीच फेरी. हिने गाडी आणून लावली, मिस्त्री उतरले, फडक्याला हात पुसत म्हणाले, "जास्त कोण चालवतं?"

"मीच," मी म्हणालो, "पण क्लचचं हिच्यामुळे..."

वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी मला तोडलं नव्हतं, ते फक्त माझ्याकडे बघत होते.

"साहेब, गिअर टाकून झाल्यावर तुमचा हात दांड्यावरच असतो. आणि डावा पाय क्लचवर. सगळा वेळ. वहिनींचा गिअर टाकला की हात स्टिअरिंगला, पाय खाली." मग जरा थांबून, "खोलल्यावर दाखवतो."

चार दिवसांनी फोन आला. मी एकटा जाणार होतो. निघताना काय वाटलं कोण जाणे, हिला म्हणालो, चल.

गिअरबॉक्स उतरवून टेबलावर खोलून ठेवला होता. आधी त्यांनी ट्रे दाखवला. गिअरबॉक्समधून निघालेलं तेल काळपट राखाडी होतं, आणि पुस्तकातल्या मापाच्या जेमतेम निम्मं. उजव्या चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचं ऑइल सील गेलं होतं. बोटाएवढं रबरी कडं. महिनोन् महिने तिथून थेंब थेंब तेल जमिनीवर पडत होतं. ट्रे उजेडात धरला तर आत चांदीच्या भुकटीसारखी चमक. तळाच्या बोल्टला लोहचुंबक असतो, त्याला लोखंडाचा काळा लगदा धरला होता. लगदा थोडाफार धरतोच, त्यांनी सांगितलं, घाबरायचं ते कणी आणि टवके दिसले तर. त्यांनी लगदा अंगठ्याने चोळला आणि अंगठा माझ्यापुढे केला. टवके होते.

"गाडी पाण्यात गेली होती का?" त्यांनी विचारलं. दर पावसाळ्यात शीळ रस्त्यावर पाण्यातून काढतोच, म्हटलं. "नशीब. पाणी शिरलं असतं तर हे दुधाच्या चहासारखं झालं असतं."

मग त्यांनी चिमट्यासारखा एक तुकडा हातात दिला. सिलेक्टर फोर्क. आपण दांडा हलवतो तेव्हा आत हा चिमटा एका फिरत्या कड्याला ढकलतो आणि गिअर बसतो. बसला की चिमट्याचं काम संपलं, त्याने खाचेत नुसतं सैल राहायचं. वरून हाताचं वजन पडत राहिलं तर तो त्या फिरत्या कड्याला घासत राहतो. मी बोट फिरवून पाहिलं. एका बाजूचं टोक जाड, खडबडीत. दुसऱ्या बाजूचं आरशासारखं गुळगुळीत आणि पातळ. नखाने चाचपलं तर फरक लागत होता. इतकं झिजल्यावर गिअर पुरता बसत नाही, आणि उतारावर सुटतो.

मी तो तुकडा बराच वेळ हातात धरून होतो. क्लच प्लेटबद्दल वाद घालता आला असता, ती दोघांची होती. रिलीज बेअरिंग सतत ठेवलेल्या पायाने गेलं हेसुद्धा नाकारता आलं असतं. पण दांड्यावर हात ठेवून, एका हाताने स्टिअरिंग फिरवत, सिनेमातल्यासारखी गाडी चालवायची ऐट आमच्या घरात एकाच माणसाला होती. माझ्या हाताची झीज माझ्याच तळहातावर पडली होती.

तेवढ्यात हिने टेबलावरचं एक बेअरिंग उचललं, कानाशी नेलं आणि बोटाने फिरवलं.

"हाच," ती म्हणाली.

मिस्त्रींनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, वहिनी?"

"मशीन आहे माझं," ती म्हणाली आणि बेअरिंग होतं तिथे ठेवलं. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. त्याचंच जास्त लागलं.

त्या टेबलापाशी मला जे कळलं ते यंत्राबद्दलचं नव्हतं. आवाज मलाही येत होता. पहिल्या महिन्यापासून येत होता. तो तिला आधी आला, हे मला चालत नव्हतं. तिने सांगितलं तेव्हा गेलो असतो तर एक सील, फार तर एक बेअरिंग आणि दोनेक लिटर तेल एवढ्यावर भागलं असतं. तसं गेलो असतो तर 'हिचं बरोबर होतं' असं एकदा म्हणावं लागलं असतं. ते म्हणायला लागू नये म्हणून मी दोघांना घेऊन घाट उतरलो.

गॅरेजवाल्यांबद्दलच्या समजाला तडा गेला तो एका साध्या गोष्टीने. दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग बदलायची होती, खर्र त्याचीच. मी सगळ्याच बदलून टाका म्हणालो, तर मिस्त्री म्हणाले, "बाकीच्या चांगल्या आहेत, कशाला?" सुटे भाग कुर्ल्याहून आणले, जुने पिशवीत घालून परत दिले. देवमाणूस वगैरे म्हणणार नाही. गुरुवारचा वायदा सोमवारी पुरा केला आणि बिलात 'किरकोळ' म्हणून 700 रुपये होते, ते कशाचे हे अजून कळलेलं नाही.

माफी मी त्या दिवशी मागितली नाही. उलट पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये कथा सांगताना म्हणालो, "आम्हाला बरेच दिवस संशय होताच." आम्हाला! वर गॅलरीत मशीन चालू होतं, ते मध्येच थांबलं. दोरा तुटला असेल, पण मला ते थांबणं ऐकू आलं. त्याच्या पुढच्या रविवारी मी बादली खाली ठेवून सगळं आहे तसं सांगितलं, पुठ्ठ्यासकट. एकजण म्हणाला, "जाऊ दे रे, एवढं काय त्यात." दुसऱ्याने हळूच आपल्या गाडीखाली वाकून पाहिलं.

गाडीचं पुस्तक त्यानंतर पहिल्यांदा वाचलं. 'खडतर वापर' असेल तर तेल लवकर बदला, असं त्यात लिहिलंय, आणि खडतर म्हणजे काय तेही. सतत थांबत-थांबत चालणं, धूळ, उष्णता, साचलेलं पाणी. लिहिणारा माणूस काटई नाक्यावर कधीतरी अडकला असणार.

अलीकडे भाचीने फोन केला. तिची गाडी ऑटोमॅटिक, एएमटी. क्लचचं पेडलच नाही म्हणजे क्लचची कटकट नाही, असं तिला वाटतं, मलाही वाटायचं. पण या प्रकारात क्लच प्लेट आत तशीच असते, फक्त आपल्या पायाऐवजी यंत्र ती दाबतं. गायमुखच्या चढावर कोंडी झाली की ब्रेक न लावता ती अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरते. हे आपलंच हाफ क्लच. आता गाडी निघताना अडखळते, म्हणाली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. फोन हिच्याकडे दिला. रविवारी ठाण्याला गेलो, ही भाचीशेजारी बसून माजिवड्यापर्यंत जाऊन आली, म्हणाली, "आवाज काही नाही, पण निघताना पायाखाली थरथरतंय. दाखवून घे." दाखवलं तेव्हा प्लेट अजून चालण्यासारखी होती. चढावर ब्रेक लावून उभं राहा, एवढ्यावर सुटली.

परत येताना गाडी हीच चालवत होती. शिळफाट्याला नेहमीसारखं सगळं ठप्प. तिने मान तिरकी केली. मी रेडिओ बंद केला, काच खाली घेतली, आणि दोघं ऐकत बसलो.

"आपलं नाही," ती म्हणाली. "त्या रिक्षाचं आहे."